बिरचा ओतारी

खगोलशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत एका दीर्घिकेचे चित्र हमखास असते. पाण्यातल्या भोवऱ्यासारखे दोन लांब बाहू मध्यापासून निघून वळत वळत बाहेर गेलेले, आणि त्यांतल्या एकाच्या टोकाशी दुसरी लहानशी दीर्घिका लोंबकळत असल्यासारखी. मेसिए ५१ हे तिचे यादीतले नाव. आज तिची छायाचित्रे अवकाशातल्या दुर्बिणींतून येतात. पण तिला असे वळणदार बाहू आहेत हे माणसाला पहिल्यांदा दिसले ते १८४५ च्या वसंत ऋतूत, आयर्लंडमधल्या बिर नावाच्या लहानशा गावी, एका जमीनदाराने आपल्या किल्ल्याच्या आवारात ओतलेल्या धातूच्या आरशात. त्या जमीनदाराचे नाव विल्यम पार्सन्स, रॉसचे तिसरे अर्ल. जग त्यांना लॉर्ड रॉस म्हणून ओळखते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. दुर्बिणीतले मला फार कळते असे नाही; धातूतले थोडेफार कळते. ते का, हे पुढे येईलच. म्हणून त्यांच्या चरित्रातला धातूचा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विल्यम पार्सन्स यांचा जन्म १७ जून १८०० रोजी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरी झाला. घराणे मात्र आयर्लंडमध्ये स्थायिक झालेले. बिरचा किल्ला आणि भोवतालची जमीन पिढ्यान्‌पिढ्या त्यांची होती. इतकी, की गावालाच त्या काळी पार्सन्सटाऊन म्हणत. हे लहानपणी शाळेत गेलेच नाहीत, शिक्षक घरी येऊन शिकवीत. पुढे डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज, मग ऑक्सफर्ड, आणि १८२२ मध्ये गणितात पहिल्या वर्गाची पदवी. पदवी हाती येण्याच्या आधीच, १८२१ साली, ते पार्लमेंटचे सभासद झाले होते! आपल्याकडे पदवीनंतर अर्जांची भेंडोळी घेऊन हिंडणाऱ्यांनी हे वाक्य वाचून एक सुस्कारा सोडावा आणि पुढे सरकावे. १८३४ मध्ये त्यांनी पार्लमेंट सोडले. १८३६ मध्ये यॉर्कशायरच्या मेरी फील्ड या श्रीमंत घरच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. १८४१ मध्ये वडील वारल्यावर अर्ल हा किताब त्यांच्याकडे आला. असा हा सुखवस्तू आयुष्याचा आराखडा. यात आकाश कुठेच नाही. ते आले भट्टीच्या वाटेने.

दुर्बिणीचा आरसा जितका मोठा तितका तो अधिक प्रकाश गोळा करतो, आणि तितक्या अंधूक वस्तू दिसतात. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये चार फूट रुंदीच्या आरशाची दुर्बीण उभी केली होती. परंतु आरसा ओतण्या-घासण्याची आपली युक्ती त्यांनी छापली नाही. ते दुर्बिणी विकतही असत, तेव्हा कारागिराने हातचे राखावे तसे त्यांनी राखले. हर्शेल गेले आणि ती विद्याही बरीचशी त्यांच्याबरोबर गेली. पार्सन्स यांनी १८२७ च्या सुमारास हे काम अगदी आरंभापासून हाती घेतले. आणि जे जे साधले ते त्यांनी छापून जगासमोर ठेवले. यंत्राची रचना, धातूचे प्रमाण, काय फसले, काय जमले, सगळे. मला त्यांच्याविषयी पहिला आदर वाटला तो इथे.

त्या काळी काचेला चांदीचा मुलामा देऊन दुर्बिणीचे आरसे करण्याची रीत निघाली नव्हती. आरसा सबंध धातूचा असे, आणि तो धातू म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण.

आता माझे कारण सांगते. माझे वडील कल्हईवाले. आमच्या घरच्या तीन पिढ्या कथील, नवसागर आणि भाता यांच्यावर जगल्या. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली तसा धंदा बसला. आता अन्नछत्रांची आणि आचाऱ्यांची मोठी पातेली तेवढी कल्हईला येतात. महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जातल्या वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी कल्हई असे लिहिले, तर कारकुनाने ते खोडून मजुरी असे केले. असो. सांगायचे एवढेच, की तांबे आणि कथील हे माझ्यासाठी पुस्तकातले शब्द नव्हेत.

आपल्या घरी तळपायाला तूप चोळायला काशाची वाटी असते. कासे म्हणजे हेच दोन धातू : शंभर भागांत साधारण अठ्ठ्याहत्तर तांबे, बावीस कथील. ही वाटी फरशीवर आपटली तर तडकते, हे प्रत्येक आजीला ठाऊक आहे. लॉर्ड रॉस यांनी आरशासाठी जे मिश्रण ठरवले त्यात कथील जवळजवळ बत्तीस भाग होते. कथील वाढवले की धातू पांढरा होतो आणि त्याला अप्रतिम चकाकी येते, पण तो काचेसारखा ठिसूळ होतो. हे प्रमाण मी वडिलांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले की असले भांडे भट्टीतून काढतानाच तुकडे होऊन हातात येईल. लॉर्ड रॉस यांचा अनुभव नेमका तसाच होता.

दोष थंड होण्यात होता. ओतलेल्या रसाची कड आधी थिजते आणि आकसते, मध्य अजून तापलेलाच असतो. दोघांच्या ओढाताणीत आरसा तडकतो. सुरुवातीला त्यांनी लहान लहान तुकडे पितळी पाठीवर जोडून तीन फुटांचा आरसा केला. तो चालला, पण सांधे आड येत. मग त्यांनी साच्यालाच हात घातला. साच्याचा तळ त्यांनी लोखंडी पट्ट्या कडेवर उभ्या करून, एकमेकींना घट्ट खेटून बनवला. पट्ट्यांमधल्या बारीक फटींतून रसातली हवा निघून जाई, पण रस गळत नसे. लोखंड उष्णता झटकन ओढून घेई, त्यामुळे धातू तळाकडून वर असा क्रमाने थिजत जाई. त्यानंतर तापलेला आरसा तसाच एका भट्टीत सरकवून, दारे लिंपून, आठवड्यांमागून आठवडे सावकाश निववायचा. १८३९ मध्ये या रीतीने तीन फुटांचा अखंड आरसा झाला. आणि लगेच त्यांनी सहा फुटांचा घाट घातला.

या कामाला लंडनहून कारागीर आणवले नाहीत. आपल्या जमिनीवर राबणाऱ्या, बिरच्याच माणसांना हाताशी धरून त्यांनी त्यांना ओतारी, लोहार आणि सुतार केले. सरपणही तिथलेच : आयर्लंडच्या दलदलीत शेकडो वर्षे कुजून दबलेल्या वनस्पतींचे थर कापून, उन्हात वाळवून जे जळण करतात ते. त्याला पीट म्हणतात. १३ एप्रिल १८४२ च्या रात्री किल्ल्याच्या आवारात तीन मोठ्या लोखंडी मुशींतला रस याऱ्यांनी उचलून एकाच वेळी साच्यात रिता केला गेला. सहा फूट रुंदीचा, सुमारे तीन टनांचा गोळा. तो सोळा आठवडे भट्टीत निवत ठेवला. पुढे वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या, स्वतः रचलेल्या यंत्राने तो घासला. घासताना आरसा पाण्यात ठेवला, म्हणजे तो तापून आकार बदलू नये. दोन आरसे हवे होते, कारण आयर्लंडच्या दमट हवेत धातू काळवंडतो. एक दुर्बिणीत असताना दुसरा घासायला काढायचा. दोन चांगले आरसे हाती लागेपर्यंत ओतकाम पाच वेळा करावे लागले.

लॉर्ड रॉस यांची एक गोष्ट सांगतात. एकदा ते एक मोठा कारखाना पाहायला गेले. यंत्रांविषयी त्यांचे प्रश्न आणि त्यांची जाण पाहून व्यवस्थापकाने, हे कोण हे माहीत नसल्यामुळे, त्यांना मुकादमाची नोकरी देऊ केली. ही गोष्ट चरित्रकार मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि ती आहेही गोड. मला मात्र वाचताना थोडे हसू आले. लॉर्डाचे हात काळे झाले की ते चरित्रात येतात. त्यांच्या शेजारी उभे राहून ज्यांनी मुशी ओढल्या त्यांचे हात रोजच काळे होते.

दुर्बिणीची नळी सुमारे चोपन्न फूट लांब होती, पिंपासारखी लाकडी फळ्यांची, वर लोखंडी पट्ट्या. तिची रुंदी एवढी की ईलीचे डीन पीकॉक हे गृहस्थ उघडी छत्री डोक्यावर धरून तिच्यातून चालत गेले! ही नळी उत्तर-दक्षिण बांधलेल्या दोन उंच भिंतींच्या मध्ये साखळ्यांनी टांगली होती. त्यामुळे ती वरखाली सहज होई, पण डावी-उजवीकडे थोडीच फिरे. तारा भिंतींच्या मधल्या पट्ट्यात यायची वाट पाहायची आणि तो पलीकडच्या भिंतीआड जाईपर्यंत काय ते पाहून घ्यायचे. पाहणारा नळीच्या वरच्या तोंडाशी, लाकडी सज्जात उभा. लोकांनी तिला लेव्हायथन असे नाव दिले. बायबलातल्या एका अजस्र समुद्रप्राण्याचे हे नाव. १९१७ मध्ये अमेरिकेत माउंट विल्सनवरची शंभर इंची दुर्बीण सुरू होईपर्यंत एवढा मोठा आरसा जगात दुसरा नव्हता.

फेब्रुवारी १८४५ मध्ये तिच्यातून पहिल्यांदा आकाश पाहिले गेले. आयर्लंडचे आकाश वर्षाचे बरेच दिवस ढगाळ, त्यामुळे चांगल्या रात्री मोजक्याच. त्या वसंतात दुर्बीण जवळजवळ डोक्यावर रोखून लॉर्ड रॉस यांनी मेसिए ५१ पाहिले. शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदांना हा पुंजका १७७३ मध्ये सापडला होता. विल्यम हर्शेल यांचे चिरंजीव जॉन हर्शेल यांना तो मधल्या तेजाभोवती कडे असावे तसा दिसला होता. सहा फुटी आरशात ते कडे सुटले. ते कडे नव्हतेच. मध्यातून निघून गोल फिरत बाहेर जाणारे बाहू होते. जे दिसते ते हाताने काढण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण इतक्या अंधूक प्रकाशाचे छायाचित्र घेण्याची सोय अजून झालेली नव्हती. अंधारात डोळा लावायचा, मिणमिणत्या उजेडात कागदावर रेघ ओढायची, पुन्हा डोळा अंधाराला सरावू द्यायचा. असे काढलेले चित्र त्यांनी जून १८४५ मध्ये केंब्रिजच्या विज्ञानपरिषदेत दाखवले. परिषदेचे अध्यक्ष होते स्वतः जॉन हर्शेल. आजचे छायाचित्र त्या चित्राशेजारी ठेवले तर बाहूंची वळणे जागच्या जागी आहेत.

पण आपण काय पाहिले हे लॉर्ड रॉस यांना कळणे शक्य नव्हते. हा पुंजका किती दूर आहे हे मोजायला त्यांच्यापाशी फूटपट्टी नव्हती. ती पुढच्या शतकात मिळाली. १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानी तारकासमूहातल्या सर्पिल पुंजक्यात एक विशिष्ट प्रकारचा रूपविकारी तारा सापडला, त्याच्यावरून अंतर काढता आले, आणि हे पुंजके आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची स्वतंत्र ताऱ्यांची नगरे आहेत हे ठरले. त्यांनाच आपण दीर्घिका म्हणतो. मेसिए ५१ आपल्यापासून अडीच ते तीन कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे लॉर्ड रॉस यांच्या आरशावर त्या रात्री पडलेला प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. तिची तबकडी आपल्या आकाशगंगेपेक्षा काहीशी लहान आहे आणि ती आपल्यापासून सेकंदाला साडेचारशे किलोमीटरच्या आसपास वेगाने दूर जात आहे. बाहू म्हणजे एखाद्या चाकाचे पक्के आरे नव्हेत. घाटात गाड्या तुंबतात तेव्हा गाड्या एकेक करून पुढे निघून जातात, पण तुंबलेली जागा मात्र तिथेच असते. तसेच तारे आणि वायू बाहूत शिरतात, दाटी करतात आणि बाहेर पडतात. त्या दाटीत वायू दाबला जाऊन नवे तारे जन्मतात, म्हणून बाहू निळसर आणि तेजस्वी दिसतात. टोकाशी लोंबकळणारी ती छोटी दीर्घिका जवळून जाताना तिच्या ओढीने हे बाहू अधिकच ठळक झाले असे मानतात. १९९४, २००५ आणि २०११ या वर्षी या दीर्घिकेत ताऱ्यांचे स्फोट झालेले पृथ्वीवरून दिसले.

आपल्याकडून ती दिसते का, असे कोणी विचारील. सप्तर्षींच्या शेपटीचे टोक म्हणजे मरीची. त्याच्याजवळच, शामशबल तारकासमूहात ती आहे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री सप्तर्षी उत्तरेला उंच आलेले असतात. गावाबाहेरच्या गडद अंधारात, चांगल्या द्विनेत्रीतून एक फिका डाग दिसतो. बाहू दिसत नाहीत. त्यासाठी मोठाच आरसा हवा.

आता चरित्रातला अवघड भाग. केंब्रिजला चित्र दाखवले तो जून. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरीब कुळांचे सगळे पोट बटाट्यावर, कारण दुसरे जे पिकत असे ते खंडात जाई. पुढची काही वर्षे पीक पुन्हा पुन्हा गेले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगांनी मेली, आणखी दहा लाखांहून अधिक बोटींत बसून देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ च्या शिरगणतीत ती ६५ लाख राहिली. आणि या काळातही धान्य देशाबाहेर जातच होते.

जगातली सर्वांत मोठी दुर्बीण या वर्षांत जवळजवळ मुकी होती. लॉर्ड रॉस यांनी आकाश बाजूला ठेवले आणि मदतकार्यात लक्ष घातले. किल्ल्याच्या आवारात बांधकामे काढून शेकडो माणसांना रोजी दिली गेली, आणि यात लेडी रॉस यांचा पुढाकार मोठा होता. हे श्रेय निर्विवाद आहे. पुष्कळ जमीनदार त्या वेळी इंग्लंडात बसून खंड वसूल करीत होते. हे गावात राहिले.

तरी तेवढे सांगून थांबणे मला जड जाते. १८४७ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या स्थितीविषयी पत्रे लिहून प्रसिद्ध केली. त्यांतली दृष्टी जमीनदाराचीच आहे. माणसे फार वाढली, जमिनीचे तुकडे फार झाले, हे त्यांना मुख्य कारण वाटे. तुकड्यांवर जगणाऱ्याला दुसरे काही मिळू का शकत नव्हते, या प्रश्नापाशी ते फारसे रेंगाळत नाहीत. थंड होताना धातूची कड आणि मध्य यांतली ओढाताण ज्यांनी वर्षानुवर्षे समजून घेतली, त्यांना खंड घेणारा आणि खंड देणारा यांतली ओढाताण तितक्या बारकाईने पाहता आली नाही. त्या दुर्बिणीत लेडी रॉस यांच्या माहेरची संपत्ती होती, आणि बिरच्या कुळांचा खंडही होता. इतिहासाच्या तासाला आम्ही दुष्काळ शिकतो, विज्ञानाच्या पुस्तकात दुर्बीण. दोन्ही एकाच अंगणातल्या आहेत हे दोन्हीकडे कोणी सांगत नाही. आमच्या एका प्राध्यापकांचे मत असे पडले की एवढा जाब त्या काळच्या माणसाला विचारू नये. मी विचारावा या मताची आहे. त्याने आरशाची चकाकी कमी होत नाही.

१८४८ पासून निरीक्षणे पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि १८५४ पर्यंत त्या पदावर होते. १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी आणखी सर्पिल पुंजक्यांची नोंद केली. बिरला साहाय्यक म्हणून आलेल्या तरुणांपैकी जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी पुढे विद्युत्कणाला इलेक्ट्रॉन हे नाव दिले. लेडी रॉस छायाचित्रणात रमल्या. त्यांनी काढलेल्या छायाचित्रांमुळे ती दुर्बीण मुळात कशी दिसत होती हे आज आपल्याला पाहता येते.

एका बाबतीत लॉर्ड रॉस यांचा अंदाज चुकला. मोठ्या आरशात पुष्कळ पुंजक्यांचे तारे सुटे सुटे दिसू लागले, तेव्हा सगळेच पुंजके ताऱ्यांचे असावेत असे त्यांना वाटू लागले. मृगातला प्रसिद्ध तेजोमेघही ताऱ्यांत सुटत असल्याचे त्यांनी कळवले होते. परंतु १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी वर्णपटावरून दाखवून दिले की काही तेजोमेघ खरोखरच तप्त वायूचे आहेत, आणि मृगातला त्यांपैकीच निघाला. डोळ्याने जे साधत नव्हते ते प्रकाशाच्या पृथक्करणाने साधले. आरशाचे युग तिथे थोडे मागे पडले.

३१ ऑक्टोबर १८६७ रोजी डब्लिनजवळ मंक्सटाऊन येथे लॉर्ड रॉस यांचे निधन झाले. थोरले चिरंजीव लॉरेन्स यांनी बिरला निरीक्षणे चालू ठेवली आणि चंद्राकडून येणारी उष्णता मोजली. धाकटे चार्ल्स वडिलांच्या भट्ट्या आणि यंत्रे पाहत वाढले. त्यांनी १८८४ मध्ये वाफेचे टर्बाइन तयार केले, आणि औष्णिक वीजकेंद्रांत आजही त्याच तत्त्वावरची चाके फिरतात. मुलगा मूर्तिमंत बापाच्या कारखान्यातून निघालेला, असे म्हणायला हरकत नाही.

दुर्बीण पुढे वापरातून गेली, नळी उतरवली गेली, भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. जुना एक आरसा लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात आहे. १९९६-९७ मध्ये बिरला नळी पुन्हा बांधून टांगण्यात आली आणि १९९९ मध्ये तिच्यात सहा फुटांचा नवा आरसा बसवला. तो ॲल्युमिनियमचा आहे, त्यात कथील नाही.